अरण्यात जाण्याचा अधिकार

अक्षय्य तृतीयेस उदकुंभ देण्याची आपल्याकडे चाल आहे. मातीची नवी घागर, तीत वाळा घालून गार केलेले पाणी, वर एखादा आंबा, आणि ती पितरांच्या नावाने कोणास तरी द्यावयाची. वैशाखात पाण्यासारखे दान नाही, हे पटण्यास शास्त्र लागत नाही. उन्हात दोन कोस चालून आलेल्या मनुष्यास विचारावे. सन २०२५ साली ही तिथी ३० एप्रिल रोजी आली होती. त्या रात्री एका गावी आमचे कीर्तन होते. पाण्याचा विषय निघाला आणि आम्ही अगदी रंगून बोललो. तहानलेला कोण हे विचारू नये, माणूस असो की जनावर असो, तहानेला जात नाही, असे पुष्कळ सांगितले. लोकांनी माना डोलावल्या. टाळकऱ्यांनीही त्या दिवशी साथ उत्तम केली. आणि तिसऱ्याच दिवशी सायंकाळी एका तहानलेल्या लेकुरवाळीच्या तोंडचे पाणी आम्ही काढून घेतले. ती लेकुरवाळी वाघीण होती, एवढेच.

हे लिहावे की न लिहावे असे बरेच दिवस मनात घोळत होते. कीर्तनात दुसऱ्याचे दोष दृष्टांतादाखल सांगण्याची आम्हां लोकांस सवय असते. स्वतःचा सांगताना जीभ जड होते. पण सुटी लागली की हल्ली घरोघरी जंगलाला जाण्याचे बेत ठरतात. आपल्यापैकीही अनेक जण मुलाबाळांसह जात असतील. त्यांस या विचाराचा काही उपयोग होईल म्हणून लिहितो.

आमचे चिरंजीव नागपुरास नोकरीला आहेत. त्या साली १ मे, म्हणजे महाराष्ट्र दिन, गुरुवारी आला. शुक्रवारची एक रजा टाकली की शनिवार-रविवार धरून चार दिवस सुटी. "अण्णा, जन्मभर देवळं पाहिलीत, आता जरा जंगल पाहा," असे म्हणून त्यांनी आम्हांस गाडीत घातले. बरोबर सूनबाई आणि नऊ वर्षांचा नातू. नागपूरच्या भोवती राखीव जंगलांचे जणू रिंगणच आहे. उत्तरेस पेंच, नैऋत्येस बोर, खाली उमरेड-कऱ्हांडला, त्याच्याही खाली ताडोबा, आणि पूर्वेस गोंदिया-भंडाऱ्याकडे नवेगाव व नागझिरा. चार दिवसांत आम्ही चार ठिकाणी हिंडलो. पैकी नेमक्या कोणत्या जंगलात पुढील प्रकार घडला ते मी सांगत नाही, कारण दोष जागेचा नव्हता.

दुसऱ्या दिवशीची सायंकाळची फेरी होती. उघड्या जिप्सीत आम्ही चौघे व आणखी दोन पाहुणे, पुढे ड्रायव्हर आणि गाईड. उन्हाने अंगाची लाही होत होती. सागाची पाने गळून गेलेली, तेंदूला नवी पालवी, आणि वाटेवरची धूळ तोंडात. एका वळणावर खात्याने बांधलेला पाणवठा होता. सिमेंटची मोठी परात जमिनीत बसवावी तसा तो दिसतो. शेजारी सूर्याच्या उजेडावर चालणारा पंप. ज्या सूर्याने ओढा आटवला त्याच सूर्याकडून पाणी उपसून घेतात, ही युक्ती मला फार आवडली. तेथे पाच-सहा गाड्या आधीच थांबलेल्या होत्या. चितळ ओरडले. माकडाने वरून खाकरल्यासारखा आवाज केला. गाईड म्हणाला, "येऊन राहिली जी."

बांबूच्या बेटातून वाघीण बाहेर आली. मागे पानांत काही हलत होते; तिची पिल्ले होती, दोन. आमच्यापुढे दुसरी गाडी आडवी होती, त्यामुळे नीट दिसेना. चिरंजिवांनी पाचशेची नोट काढून ड्रायव्हरच्या हाती दिली. "जरा पुढे घे." ड्रायव्हरने गाईडकडे पाहिले, गाईडने दुसरीकडे पाहिले, आणि गाडी पंधरा-वीस हात पुढे सरकली. ती जेथे थांबली ती नेमकी बेट आणि पाणी यांच्यामधली मोकळी जागा. वाघीण उभी राहिली. मग खाली बसली, आमच्याकडे पाहत. जीभ बाहेर होती. पोट भात्यासारखे हलत होते. काही वेळाने उठली, वळली, आणि बेटात शिरली. पिल्ले बाहेर आलीच नाहीत.

गाडीत आनंदीआनंद झाला. फोटो चांगले आले होते. खरे सांगायचे तर सर्वांत जास्त आनंद मला झाला होता. अंगावर रोमांच, डोळ्यांत पाणी, कंठ दाटलेला. कीर्तनात अष्टसात्त्विक भाव वर्णन करतो ते सगळे एकदम झाले. तेवढ्यात नातू म्हणाला, "आजोबा, ती पाणी प्यायलीच नाही."

मी गाईडला विचारले, आता केव्हा येईल? तो म्हणाला, "आता नाही येत जी थे. सगळ्या गाड्या गेल्यावर, रातच्यानं येईल."

त्या रात्री मुक्कामी हरिपाठ म्हटला, पण मन लागेना. लहानपणी पाठशाळेत पातंजल योगसूत्रे घोकली होती. तेथे हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली, आणि नुसती मनाने संमत केलेली. कृत, कारित, अनुमोदित. परीक्षेत हे आम्ही धडाधड म्हणून दाखवत असू. आता ती तिन्ही एकाच गाडीत बसलेली दिसली. ड्रायव्हरने केले, मुलाने करविले, आणि मागच्या बाकावर बसलेल्या कीर्तनकाराने "वा!" म्हटले. कोणी म्हणेल, महाराज, हिंसा कसली? कोणी दगड मारला नाही, गोळी घातली नाही. अर्धा घटका उशिरा पाणी प्यायली तर वाघीण मरते काय? नसेल मरत. पण वैशाखातले पाणी आणि मार्गशीर्षातले पाणी एक नव्हे, हे मीच परवा मांडीवर थाप मारून सांगितले होते.

चिरंजिवांशी दुसऱ्या दिवशी सकाळी वाद झाला. त्यांचा पक्ष मी न्यायाने मांडतो, कारण तो दुबळा नाही. ते म्हणाले, "अण्णा, आपण आलो नाही तर या जंगलाला विचारतो कोण? हे गाईड, ड्रायव्हर आसपासच्या खेड्यांतले. आपल्या पैशावर त्यांची घरं चालतात. रोज माणसांची वर्दळ असते म्हणून चोरून शिकार करणारा बिचकतो. वाघ पाहिलेला माणूस वाघाच्या बाजूने बोलतो, न पाहिलेला धरणाच्या, खाणीच्या बाजूने बोलतो." आणि त्यांनी आकडे सांगितले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत आपला मेळघाट होता. मध्ये दशा वाईट झाली; २००६ च्या गणतीत साऱ्या देशात अंदाजे १४११ वाघ उरले होते, महाराष्ट्रात १०३. तेच २०२२ च्या गणतीत देशात ३६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ असा अंदाज निघाला. "हे काय कीर्तनाने झालं?"

नाही झाले. हे मी कबूल केले. लोकांनी पाहू नये, असे माझेही म्हणणे नाही. ज्यावर प्रेम करावयाचे ते डोळ्यांनी पाहिलेले असावे ही मनुष्याची गरजच आहे. आम्ही मैलोन्‌मैल चालत जातो ते तरी कशासाठी? माझा प्रश्न त्याच्या पुढचा होता. कोणताही शास्त्रग्रंथ उघडला की पहिल्यांदा अधिकाऱ्याचा विचार येतो. या ग्रंथाकडे कोणी वळावे? कोणती तयारी करून यावे? विषय काय, प्रयोजन काय, हे त्यानंतर. जंगलाच्या दारात मात्र तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळते की नाही एवढेच पाहिले गेले. पाहणाऱ्यांचा दोष नाही, त्यांचे तेवढेच काम. पण आतली तयारी तपासणारा तेथे कोणी नव्हता, आणि ती ज्याची त्याने तपासावयाची होती. नाव चालवणाऱ्यास उतराई दिली म्हणून नदी आपली होत नाही. तशी प्रवेशाची फी रस्त्याची, पहाऱ्याची, गाईडच्या मजुरीची. तीत वाघिणीच्या पाण्याची किंमत धरलेली नव्हती. ती धरलेली आहे असे आम्ही समजलो, आणि वर पाचशे रुपये देऊन ती समजूत पक्की केली.

आमचेच असे झाले असते तर एका मूर्खाची गोष्ट म्हणून सोडून देता आले असते. पण उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे अशाच एका सुटीच्या दिवशी, एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना पर्यटकांच्या गाड्यांनी त्यांची वाट अडवून धरली. त्याची चित्रे जिकडेतिकडे फिरली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची आपण होऊन दखल घेतली. ते वाचले तेव्हा मी घरी बसून "काय ही माणसे!" असे म्हटले होते. चार महिन्यांनी मी त्याच माणसांत होतो.

कालिदासाचे शाकुंतल आम्ही गुरुजींपाशी शिकलो. पहिल्याच अंकात राजा दुष्यंत हरणाच्या मागे रथ पिटाळत येतो. बाण लावलेला आहे. इतक्यात आश्रमातले तपस्वी मध्ये येतात आणि हे आश्रमाचे हरीण आहे, मारू नये, असे सांगतात. आणि एवढा सार्वभौम राजा बाण परत घेतो. पुढे तो आश्रमात जावयास निघतो, तेव्हा सारथ्यास थांबवून अंगावरचे अलंकार आणि धनुष्य त्याच्या हवाली करतो, आणि साध्या वेषाने पायी आत जातो. गुरुजी या जागी नेहमी थांबत आणि आम्हांस विचारत, "राजाने धनुष्य का ठेवले? आत कोणी शत्रू नव्हता म्हणून?" आम्ही काहीतरी उत्तर देत असू. तपोवनात राजा म्हणून शिरण्याचा अधिकार राजासही नाही, हे त्यांना आमच्या तोंडून हवे असे. पन्नास वर्षांनी त्या प्रश्नाचे उत्तर मला जिप्सीत बसून समजले. आमची पाचशेची नोट म्हणजे ते धनुष्य.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर अभयवनातील प्राणी मारणारास, पकडणारास दंड सांगितला आहे. आणखी एके ठिकाणी त्याने राज्याच्या सीमेवर एक वन राखावे असे सांगून त्यास 'सर्वातिथिमृग' असे नाव दिले आहे. जेथे सर्व पशू अतिथी आहेत असे. हा शब्द मला फार मोठा वाटतो. आम्ही जंगलात जातो ते पाहुणे म्हणून, असे हॉटेलातले लोक आम्हांस सांगतात. चहा आणतात, ओला रुमाल देतात. कौटिल्याच्या मते पाहुणे ते, मृग आणि व्याघ्र. मग आम्ही यजमान. आणि दारी आलेला अतिथी पाणी न पिता परत गेला तर गृहस्थाचे काय होते, हे या मासिकाच्या वाचकांस मी काय सांगावे?

यजमानपणही आम्ही करतो ते दुसऱ्याच्या घरचे पाणी देऊन, ही त्याच्यापुढची गोष्ट. ताडोबा हे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. पुढे १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झाले आणि दोन्ही मिळून आजचा व्याघ्रप्रकल्प. या रानास नाव मिळाले ते तारू नावाच्या पुरुषावरून. तो तेथल्या गोंड लोकांचा पुढारी, वाघाशी झुंजताना मेला, आणि तळ्याच्या काठी झाडाखाली त्याचे ठाणे झाले, अशी त्या लोकांत सांगी आहे. पौषात त्याची जत्रा. म्हणजे वाघाने मारलेल्या मनुष्याच्या नावाने हे जंगल ओळखले जाते आणि त्या मनुष्याचे भाऊबंद वाघासही देव मानतात. शहरातून गेलेल्या मनुष्यास हा हिशोब लवकर कळत नाही. मलाही तेथेच कळला असे नाही.

ताडोबात आमच्याबरोबर जो गाईड होता, तो तरुण पोरगा. एका मोठ्या गवताळ मैदानापाशी गाडी थांबली. पन्नास-साठ चितळे चरत होती, फार रम्य देखावा. मध्येच आंब्याची आणि चिंचेची जुनी झाडे. मी सहज म्हटले, जंगलात ही गावठाणासारखी झाडे कशी? तो म्हणाला, "गावच होतं जी महाराज. आमचंच. थ्या चिंचेखाली मारुतीचा पार होता." बोटेझरी, जामणी अशी गावे या शतकात जंगलाच्या पोटातून उठून बाहेर आली, वाघास जागा व्हावी म्हणून. कोणी पैसे घेतले, कोणी जमीन. कोणास मानवले, कोणास नाही. त्या पोरास मी विचारले, आई-वडील पाहायला येतात काय? म्हणाला, "आई म्हणते, आता काय पाहाचं तिथं?" आणि लगेच दुर्बीण लावून दुसरीकडे बघू लागला. आम्ही ज्या मैदानाचे कौतुक करीत होतो ते त्याच्या आजीने सारवलेले अंगण असेल. माझ्या मुलाने त्या ठिकाणी टोपी काढली. त्याच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती.

आम्ही घरी परतलो. आठवडा गेला नाही तोच १० मे रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडण्यास गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी मरण पावल्याची बातमी आली. वैशाखात तेंदूची पाने तोडण्याचे दिवस असतात. पहाटे उठून बायका रानात शिरतात, वाकून पाने खुडतात. त्यांस तिकीट नाही, गाडी नाही. ज्या वाघाचे दर्शन व्हावे म्हणून आम्ही नोटा काढतो, त्याचे दर्शन होऊ नये म्हणून त्या मोठ्याने बोलत चालतात. वाघ वाढले याचा आनंद मला आहे. पण तो आनंद फुकट मिळालेला नाही, आणि त्याची किंमत मी दिलेली नाही, हे त्या बातमीने दाखविले. एवढ्या लोकांनी एवढे देऊन राखलेल्या पाण्यापुढे आम्ही गाडी आडवी घातली होती.

येथे कोणी म्हणेल, मग जाऊच नये. मी तसे म्हणत नाही. मंदिरात नैवेद्याची वेळ झाली की पुजारी पडदा ओढतो. बाहेर पाचशे कोसांवरून आलेला मनुष्य उभा असतो. तो कुरकुर करीत नाही. देव जेवतो आहे, थांबू या, असे म्हणून तेथेच बसतो, आणि पडदा उघडेपर्यंत गाडी चुकली तर कळसाला हात जोडून जातो. माझे दर्शन बुडाले, पैसे परत द्या, असे म्हणणारा अजून मला भेटलेला नाही. रानातही पडदे आहेत. ताडोबाचा गाभा मंगळवारी बंद असतो. पावसाळ्यात जुलैपासून सप्टेंबरअखेर तेथे कोणास जाता येत नाही. रस्ते चिखलाचे होतात हे एक कारण. हे ऐकून मला चातुर्मास आठवला. पावसात जीवजंतू उगवतात, पायाखाली चिरडले जातात, म्हणून संन्याशाने चार महिने एका जागी राहावे असा नियम आहे. वनखात्याने कोणतेही धर्मशास्त्र न वाचता तोच नियम केला. पण सगळे पडदे खात्याने ओढावेत ही अपेक्षा बरोबर नाही. जनावर पाण्याकडे निघाले की तो नैवेद्याचा पडदा समजावा, आणि तो आपला आपण ओढावा. मी नसतो तर ते जे करते, ते त्याने माझ्यादेखत केले काय? एवढे पाहावे. न केले, आणि मी जवळून पाहिले, तर ते दर्शन माझ्या मते चोरीत मोडते. यावर कोणा शास्त्रज्ञाचे वेगळे मत असल्यास मला अवश्य कळवावे.

वाटेत एक सकाळ नवेगावबांधला गेली, तिचे दोन शब्द सांगितले पाहिजेत. कोहळी लोक तळी बांधण्यात पटाईत; कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला असे तिकडे सांगतात. डोंगरांच्या मधोमध पाणी अडवलेले आहे, भातासाठी. पण त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पक्षी उतरतात, जनावरे येतात, आणि कोणी त्यांस हाकलीत नाही. मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी येथे पुष्कळ वर्षे राहिले. रानाची भाषा आणि संस्कृत ग्रंथ दोन्ही त्यांनी एका आवडीने वाचले. २०२५ च्या जून महिन्यात ते गेले. काठावर एका शेतकऱ्याने मला सांगितले की गोंदियाकडे सारस पक्षी पावसाळ्यात भाताच्या बांधीत घरटे करतो, आणि काही शेतकरी तेवढा तुकडा न कापता सोडतात. मी विचारले, नुकसान होत नाही? तो हसला. "होते न जी."

रविवारी सकाळची शेवटची फेरी होती. चिरंजीव रात्रभर काही बोलले नव्हते. गाडीत बसताना त्यांनी ड्रायव्हरला एवढेच सांगितले की पाणवठा आला की दूर थांबव आणि इंजिन बंद कर. ड्रायव्हर म्हणाला, "इथून काही दिसणार नाही जी साहेब." "नसेल दिसत." आम्ही एका मोहाच्या झाडाखाली थांबलो. बराच वेळ काही नाही. मागून एक गाडी आली, "काय आहे? काय आहे?" असे विचारून पुढे निघून गेली. धूळ खाली बसली. मग पलीकडून एक भेकर आले, कुत्र्याएवढे, पाय उचलून उचलून टाकणारे. त्याने दोनदा मान वर केली, आणि पाण्याला तोंड लावले. नातू ओठांतल्या ओठांत मोजत होता. सतरा घोट झाले असे त्याने मला नागपुरास पोहोचल्यावर सांगितले.